जुन्या कॅसेटीतले हेवी मेटल आजच्या आवृत्तीत वेगळे का वाटते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मित्रांकडून आणि पत्रमित्रांकडून भरून घेतलेल्या हेवी मेटलच्या चाळीसेक कॅसेटी घरात पडून आहेत. त्यांतलीच गाणी आता अधिकृत, सुधारित आवृत्तीत ऐकली की ती 'ती' वाटत नाहीत. कॅसेटीत जास्त जोर होता, जास्त दहशत होती असे वाटते. घरातली तरुण मंडळी म्हणतात की हा निव्वळ गेलेल्या दिवसांचा मोह आहे. यात तथ्य किती, आणि या कॅसेटींचे करायचे काय?

मंडळींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पण त्यांचा चुकलेला अर्धा भाग आधी पाहू, कारण तो मोजता येतो. मी सुमारे बारा वर्षे टपालाने अशा कॅसेटींची देवाणघेवाण केली आणि गेली वीस वर्षे लोकांच्या जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देण्याचे काम करतो. येणारा प्रत्येक जण 'आवाज आहे तसाच ठेवा' असे बजावून जातो, आणि 'आहे तसाच' म्हणजे नेमका कसा, हे ठरवण्यातच माझा निम्मा वेळ जातो.

सर्वांत आधी हे तपासावे की कॅसेटीवरचे आणि अधिकृत आवृत्तीतले ध्वनिमुद्रण मुळात एकच आहे का. अनेकदा ते नसते. मेटॅलिका या अमेरिकी बँडने १९८२च्या जुलैमध्ये सात गाण्यांची 'नो लाइफ टिल लेदर' ही डेमो, म्हणजे अल्बमआधीची नमुन्यादाखलची, कॅसेट केली आणि ती हातोहात देशोदेशी पसरली. तिच्यात लीड गिटारवर डेव्ह मस्टेन आणि बेसवर रॉन मॅकगव्हनी आहेत. वर्षभराने, १९८३च्या जुलैमध्ये, 'किल एम ऑल' हा पहिला अल्बम आला तेव्हा त्यांच्या जागी कर्क हॅमेट आणि क्लिफ बर्टन होते. डेमोतले एक सुसाट गाणे अल्बमवर नवे शब्द, नवे नाव आणि मध्ये एक संथ भाग घेऊन आले. ज्याच्या कानात डेमो आधी बसला, त्याला अल्बम बदललेला वाटला तर तो भ्रम नव्हे. उलट दिशेनेही असे घडले आहे. गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्या पहिल्या दोन एकल अल्बमांच्या २००२च्या आवृत्तीत मूळ बेस आणि ड्रम्स काढून ते नव्या वादकांकडून पुन्हा वाजवून घेतले होते; मूळ वादन २०११च्या आवृत्तीत परत आले. मेगाडेथ या बँडच्या 'रस्ट इन पीस' या १९९०च्या अल्बमच्या २००४च्या आवृत्तीत काही ठिकाणी गायन नव्याने केलेले आहे. ज्या आवृत्तीत असा उघड बदल नाही, तिच्यातही १९९०च्या दशकानंतरच्या रिवाजाप्रमाणे हळू आवाजातले भाग वर उचलून सगळेच सारख्या मोठ्या आवाजात बसवलेले असण्याची शक्यता बरीच असते. सगळेच मोठे झाले की मोठे असे काही उरत नाही, आणि संथ सुरुवातीनंतर अंगावर येणारा तो तडाखा बोथट होतो.

ध्वनिमुद्रण एकच असले, तर पुढचा संशयित वेग. कॅसेटीत फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकावी असे ठरलेले आहे, पण घरगुती यंत्रांत एकदोन टक्क्यांचा फरक सर्रास असे. समजा, भरणाऱ्याच्या रेकॉर्डरची मोटर दोन टक्के मंद होती. त्या यंत्रावर भरलेली कॅसेट बरोबर वेगाच्या यंत्रावर वाजवली की दोन टक्के जलद वाजते. सहा मिनिटांचे गाणे सात सेकंद आधी संपते आणि पट्टी अर्ध्या स्वराच्या सुमारे एक तृतीयांशाने चढते. एवढ्याने कोणाला काही कळत नाही. पण कॉपीवरून कॉपी अशा तीन पायऱ्या झाल्या आणि तिन्ही वेळा फरक योगायोगाने एकाच दिशेने पडला, तर पट्टी पुरता अर्धा स्वर वर जाते. माझ्याकडे आलेल्या एका कॅसेटीत गायकाचा आवाज कोवळ्या मुलासारखा वाटत होता आणि ड्रमर अमानुष चपळ भासत होता. वेग अधिकृत आवृत्तीशी जुळवल्यावर दोघेही चारचौघांसारखे झाले. कॅसेटीच्या मालकाला ते अजिबात आवडले नाही. त्याच्या मते मी गाण्यातली हवाच काढली होती, आणि तो जे ऐकत मोठा झाला त्या दृष्टीने पाहिले तर त्याचे खरेच होते.

तिसरी गोष्ट म्हणजे तीक्ष्ण आवाजांची झीज, आणि माझ्या मते तुमच्या 'दहशती'चे खरे उगमस्थान इथे आहे. कॅसेटीच्या वेगाला १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक पूर्ण लहर फितीवर ४.७६ मायक्रोमीटर जागेत मावते. ती वाचणाऱ्या हेडमधली चीर फितीशी बरोबर काटकोनात असावी लागते. ती किंचित जरी तिरकी असली, तरी तीक्ष्ण लहरी एकमेकींत मिसळून पुसट होतात. या कोनाला आम्ही अझिमथ म्हणतो. प्रत्येक यंत्राचा अझिमथ आपल्या जागी थोडा वेगळा असल्यामुळे दर कॉपीला वरचा थोडा थोडा भाग गळत जाई. त्यातच एकाने डॉल्बी, म्हणजे फितीची सरसर कमी करणारी यंत्रातली सोय, बंद ठेवून भरायचे आणि दुसऱ्याने ती चालू ठेवून ऐकायचे, असा गोंधळ नित्याचा होता. चौथ्या हातात पोहोचेपर्यंत झांजांची नुसती सळसळ उरे, गिटारची वरची धार बोथट होई आणि राहिलेला मधला-खालचा जाड थर दाट, काळा, एकसंध ऐकू येई. शिवाय फितीवर आवाज मर्यादेबाहेर चढवून भरला की ती तो दाबून घेते आणि स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळते; गिटारची खरखर आणि फितीची खरखर कुठे वेगळी होते ते मग सांगता येत नाही. बँडने बनवलेला आवाज तसा नव्हता. तो वाटेतल्या यंत्रांनी बनवला होता.

इथे जाता जाता एक गोष्ट सांगतो, जी मला आजही गमतीची वाटते. समान पातळीची सरसर दोनदा मिसळली की ती साधारण तीन डेसिबलने वाढते, म्हणजे दर कॉपीला पार्श्वभूमीचा आवाज वर चढत जाणारच. हळुवार वाद्यसंगीताची चौथी कॉपी त्यामुळे ऐकण्यालायक राहत नाही. हेवी मेटल मात्र इतके भरगच्च आणि सतत मोठ्या आवाजात चाललेले असते की ती सरसर त्याच्याखाली झाकली जाते. कॉपीला पुरून उरणारे संगीत म्हणून ते टपालाच्या पिशव्यांतून जगभर फिरू शकले, असे माझे मत आहे. पुढे १९९०च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतल्या ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्याच एका उपप्रकारातल्या बँडनी चांगल्या साधनांकडे पाठ फिरवून मुद्दाम खरबरीत, पातळ आवाज निवडला. त्यांचे कान याच फितींवर घडले होते, हे लक्षात घेतले तर त्या निवडीचे कोडे राहत नाही.

आता ही गाणी आपल्यापर्यंत येत तरी कशी होती, हे थोडे सांगायला हवे, कारण आवाजातले हे सारे फरक त्या वाटेवरच्या माणसांनी केलेले आहेत.

वरवरचे मार्ग सगळ्यांना माहीत असतात. ब्रिटनमध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकाने १९७९च्या मे महिन्यात तिथल्या नव्या बँडांच्या लाटेला 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे लांबलचक नाव दिले. १९८१च्या जूनमध्ये त्याच्याच पोटातून 'केरँग' निघाले. बीबीसी रेडिओ १वर टॉमी व्हान्स १९७८पासून दर शुक्रवारी रात्री रॉकचा कार्यक्रम करत आणि तो ऐकताना श्रोत्यांचे बोट रेकॉर्डिंगच्या बटणावर असे. लंडनमध्ये नील के हे डिस्क-जॉकी आपल्या कार्यक्रमात ज्या गाण्यांची फर्माईश जास्त होई त्यांची क्रमवारी लावत आणि 'साउंड्स' ती छापत असे. आयर्न मेडन या तेव्हा रेकॉर्ड कंपनीशी करार नसलेल्या बँडने १९७८च्या अखेरीस केलेली डेमो कॅसेट के यांच्या हाती दिली, तिच्यातले गाणे त्या क्रमवारीत वर चढले, आणि १९७९च्या नोव्हेंबरमध्ये बँडने डेमोतली तीन गाणी 'द साउंडहाउस टेप्स' या नावाने स्वतःच काढून ५,००० प्रती टपालाने विकल्या. ज्याला ही क्रमवारी वाचायला मिळे, त्याला गाणे ऐकण्याच्या कितीतरी आधी त्याचे नाव पाठ असे. न ऐकलेल्या गाण्याविषयी महिनोन्महिने वाद घालणे हा प्रकार आज कोणाला समजावून सांगणे कठीण आहे.

आडवाटा याहून रंजक होत्या. अल्बमच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली आभारांची यादी आम्ही भिंग लावून वाचत असू, कारण एखादा बँड ज्यांचे आभार मानतो ते बँड ऐकण्यासारखे असणार, हा तर्क बहुधा खरा ठरे. वादकाच्या अंगातल्या टी-शर्टवरचे नाव हीसुद्धा शिफारसच. मेटॅलिकाचे क्लिफ बर्टन मिसफिट्स या पंक बँडचा शर्ट घालत, म्हणून कित्येकांनी मिसफिट्स शोधले. दुसऱ्यांची गाणी वाजवण्याची पद्धत हा तर राजमार्ग होता. मेटॅलिकाने १९८७च्या एका छोट्या रेकॉर्डवर डायमंड हेड, होलोकॉस्ट, किलिंग जोक, बजी आणि मिसफिट्स यांची गाणी वाजवली, आणि एका रेकॉर्डमधून पाच दारे उघडली. त्याच मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिच १९८१च्या उन्हाळ्यात, बँड स्थापन होण्याआधी, डायमंड हेडला ऐकण्यासाठी अमेरिकेहून इंग्लंडला गेला होता. त्यामुळे त्या यादीकडे मी कौतुकाने तर पाहतोच, थोड्या असूयेनेही पाहतो. अमेरिकेत १९८५ साली गाण्यांच्या शब्दांवर नियंत्रण आणू पाहणाऱ्या पालक-समितीने पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात व्हेनम आणि मर्सिफुल फेट यांच्यासारखे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक असलेले बँड होते. मी ती यादी कापून जपून ठेवली आणि खरेदीची यादी म्हणून वापरली.

पण तुमच्या कॅसेटी ज्या मार्गाने आल्या तो मार्ग म्हणजे देवाणघेवाण. प्रत्येकाजवळ आपल्या संग्रहाची टंकलिखित यादी असे: बँडचे नाव, डेमो की प्रत्यक्ष कार्यक्रम की सरावाचे ध्वनिमुद्रण, वर्ष, मिनिटे, आणि आवाजाच्या दर्जाची श्रेणी. श्रेणी देणारा स्वतःच परीक्षक असल्याने एकाचा 'उत्तम' हा दुसऱ्याचा 'बरा' असे, आणि कोणाच्या श्रेणीतून किती वजा करायचे हे अनुभवाने कळे. मी पत्रमित्राला माझी यादी पाठवायची, त्याने खुणा करून परत पाठवायची, नव्वद मिनिटांच्या बदल्यात नव्वद मिनिटे भरून द्यायची, असा साधा हिशेब होता. उत्तराला तीन आठवडे लागले तर ते लवकर आले असे समजत. टपाल तिकिटांवर साबणाचा पातळ थर चोळून ठेवायचा, म्हणजे शिक्का धुऊन निघतो आणि तिकीट पुन्हा वापरता येते, हा उपाय सगळ्यांना माहीत होता. 'तिकिटे परत पाठव' हे वाक्य पत्राच्या शेवटी सहीइतकेच ठरलेले असे. टपाल खात्याला आम्ही चुना लावत होतो, हे आता मान्य करायला हरकत नाही.

या साऱ्यात मला सर्वांत जास्त आठवते ते कॅसेटीच्या शेवटी उरलेल्या चार मिनिटांचे. पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूवर एकेचाळीस मिनिटांचा अल्बम भरला की उरलेली फीत कोरी सोडणे हे अपमानास्पद समजले जाई. भरणारा आपल्या मनाने तिथे काहीतरी घाली. त्याचे नाव कधी कॅसेटीच्या डबीतल्या कार्डावर लिही, कधी विसरे. माझ्या एका कॅसेटीच्या 'अ' बाजूच्या शेवटी असे एक निनावी गाणे होते: दोन गिटारींची संथ सुरुवात, मग अचानक धावता ठेका, दुसऱ्या कडव्यात गायकाची वर जाणारी आरोळी, आणि ती पूर्ण व्हायच्या आत फीत संपून यंत्राचे बटण खट्कन वर. भरणाऱ्याला मी दोन पत्रे लिहिली; तोवर त्याने पत्ता बदलला होता. नऊ वर्षे मी ती अर्धी आरोळी ऐकली आणि निदान दहा जणांना ऐकवली. गाणे अखेर सापडले ते एका अनोळखी माणसाच्या कॅसेटीत, कामासाठी आलेल्या. ते एका स्वीडिश बँडचे, अगदी सामान्य गाणे निघाले. आरोळी पूर्ण झाली, पुढे एक मिळमिळीत सोलो आला, आणि मी यंत्र बंद केले. माझ्यापुरते ते गाणे अजूनही आरोळीच्या मध्यावर संपते.

आता घरच्या मंडळींच्या बरोबर अर्ध्या भागाकडे वळतो. पंधरा ते पंचवीस या वयात जे ऐकले ते आयुष्यभर जास्त ठळक आठवते, हे खरे आहे, आणि एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की केवळ त्यामुळेही ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८मध्येच दाखवले आहे. आमच्याजवळ महिन्याला दोन कॅसेटी येत. पहिल्या ऐकण्यात न आवडलेली कॅसेटही विसाव्यांदा ऐकण्यावाचून गत्यंतर नसे, आणि विसाव्यांदा ती आवडे. तिच्यातली सगळीच गाणी चांगली होती असे मात्र नव्हे. मुखपृष्ठावर कवट्या आणि तलवारी बघून घेतलेल्या रेकॉर्डवर आत गोड प्रेमगीते निघाल्याचे किती किस्से सांगू? कोऱ्या कॅसेटी घेऊन बेपत्ता होणारे लोक होते. एकाने माझ्या सहा कॅसेटी गिळल्या आणि वर मलाच उलट कळवले की टपालात गहाळ झाल्या असतील. पाच वर्षे आतुरतेने वाट पाहून हाती आलेले एक दुर्मिळ ध्वनिमुद्रण म्हणजे कोणाच्या तरी खिशातल्या यंत्राने टिपलेला नुसता धडधडाट होता. ज्याला भाषा येत नव्हती, टपालखर्च परवडत नव्हता किंवा ओळखीचे कोणीच नव्हते, त्याच्यापर्यंत यातले काहीच पोहोचले नाही. ती व्यवस्था परत यावी असे मला क्षणभरही वाटत नाही.

कॅसेटींचे करायचे काय, याचे उत्तर सोपे आहे: टाकू नका आणि लगेच वाजवूही नका. प्रत्येक कॅसेटीच्या खिडकीतून पाहून फीत दुमडलेली वा बुरशी आलेली नाही याची खात्री करा. फीत हेडवर दाबून धरणाऱ्या मधल्या दाबपट्टीचा छोटा तुकडा गळून पडला असेल, तर फीत स्क्रूच्या नव्या कवचात हलवावी लागते. मग यंत्राचे हेड आणि रबरी चाक स्वच्छ करा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून बसलेले फितीचे थर सुटतात. कॅसेट ओव्हनमध्ये तापवण्याचा सल्ला कोणी दिला तर कानाआड करा. तो विशिष्ट प्रकारच्या चिकट झालेल्या स्टुडिओ फितींसाठीचा उपाय आहे.

उतरवताना खरे कौशल्य अझिमथचे. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू दर कॅसेटीला वेगळा जुळवावा लागतो, कारण ती वेगळ्या यंत्रावर भरलेली असते. आवाज मोनो करा, म्हणजे डावा-उजवा एकत्र करा, झांजांवर कान ठेवा आणि त्या सर्वांत उजळ ऐकू येतील तिथे थांबा. तुमचा मूळ डेक आता तुमच्यासाठी सर्वांत चांगला असेलच असे नाही, पण ज्या कॅसेटी त्याच्यावर भरल्या त्यांना त्याचा तिरका कोन ओळखीचा असतो. २४ बिट आणि ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झवर, वर सहा डेसिबलची मोकळी जागा ठेवून, काहीही न गाळता उतरवून घ्या. वेग सुधारायचा असेल तर तो दुसऱ्या प्रतीत सुधारा. त्याच ध्वनिमुद्रणाची अधिकृत लांबी मोजपट्टी म्हणून चालते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण असेल आणि त्यात विजेची गुणगुण ऐकू येत असेल, तर ती त्या देशाप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झवर आणून ठेवली की काम होते. सरसर कमी करणारे सॉफ्टवेअर पहिल्या प्रतीला लावू नका. ते सरसरीबरोबर झांजाही खाते, आणि तुमच्या कॅसेटीत झांजा आधीच थोड्या उरल्या आहेत.

कार्डांच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. गाण्यांची नावे चुकीची लिहिलेली असतील तर ती तशीच राहू द्या आणि बरोबर नाव फाइलच्या नावात घाला. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता असेल, तर स्कॅन कोणाला देण्याआधी तो झाका. आणि चाळीसही कॅसेटींच्या बाजूंची शेवटची चारपाच मिनिटे न कापता उतरवा. तिथे निनावी काही सापडले, तर कोणत्या बाजूला, कोणत्या अल्बमनंतर आणि साधारण कोणत्या वर्षी भरलेले आहे ते लिहून ठेवा, कारण गाणे ओळखायला बहुतेक वेळा तेवढाच धागा असतो.